नुसता भोंगा

बाबांनी उभ्या आयुष्यात एकही चाल वाजवली नाही. शहराच्या बँडमध्ये ते ट्यूबा वाजवायचे, म्हणजे मांडीवर घेऊन फुंकायचा तो अगडबंब पितळी भोंगा. ट्रम्पेटवाला चाल वाजवून भाव खाऊन जायचा आणि बाबा मागच्या रांगेत इमानेइतबारे 'भॉम्, भॉम्' करत बसायचे. ते गेले तेव्हा सांत्वनाला आलेल्यांपैकी निम्म्यांनी विचारलं, "ते नक्की काय वाजवायचे हो?"

हे त्यांच्या मुलीच्या जिव्हारी लागलं. तीही बँडमध्ये, बाबांच्याच खुर्चीवर, त्यांचाच भोंगा वाजवायची. सगळे तिला भोंगाताई म्हणत. बाबांच्या स्मृतीसाठी मैफल करायची तिने ठरवलं. कार्यक्रमात बँडची सगळी लाडकी गाणी असतील, पण वाजेल फक्त बाबांचा भाग!

बँडमास्तरांनी कपाळावर हात मारला. "अगं, निदान एक बासरी तरी घे. लोकांना कळेल तरी काय चाललंय!"

"बासरी घेतली की लोक बासरीच ऐकणार," ताई म्हणाली. "एक दिवस तरी त्यांना बाबा ऐकू देत."

सभागृह भरलं. ताईने भोंगा मांडीवर घेतला आणि सुरू केलं. भॉम्. भॉम्. मग बाबांच्या भागात लांबलचक विश्रांती होती, तीही तिने प्रामाणिकपणे घेतली. ओठांनी मात्रा मोजत ती ढिम्म बसून राहिली. गाणं संपलं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईने डोळे वटारले. टाळ्या थांबल्या आणि पुन्हा भॉम्.

तिसऱ्या गाण्याला मागून कोणीतरी हळूच चाल गुणगुणलं. शेजारच्याने साथ दिली. मग काय, बघता बघता अख्खं सभागृह गायला लागलं. बँडमास्तर तर मान डोलावत दोन्ही हातांनी ताल द्यायला लागले. बाबा पुन्हा त्या गलक्यात बुडाले.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गप्प बसा! बाबा ऐकू येत नाहीयेत!" ती ओरडली, पण तेही कोणाला ऐकू गेलं नाही. तिने तणतणत भोंगा खाली ठेवला.

गाणं दोन ओळी तसंच पुढे गेलं. मग डावीकडचे पुढे पळाले, उजवीकडचे मागे राहिले. कोणी वरच्या पट्टीत गेलं, कोणी दुसऱ्याच गाण्यात शिरलं. बँडमास्तरांचे दोन हात दोन ताल देऊ लागले. शेवटी सगळं ढेपाळलं आणि लोक बावरून ताईकडे बघू लागले. काय हरवलं ते कोणालाच सांगता येईना.

पहिल्या रांगेतून आई म्हणाली, "बघतेस काय? वाजव की! ते गेल्यापासून घरात माझं असंच झालंय. पोळी तव्यावर टाकते नि खिडकीशी जाऊन उभी राहते."

ताईला रडू फुटलं. रडत भोंगा फुंकता येत नाही, म्हणून तिने आधी नाक पुसलं. मग तिने पहिला सूर दिला, लोकांनी तो पकडला आणि बेंबीच्या देठापासून गायला सुरुवात केली. भोंग्याचा एकही भॉम् कोणाला ऐकू येत नव्हता. ताई मात्र शेवटच्या गाण्यापर्यंत खुशीत वाजवत राहिली.