सुरीनामचे गृहस्थ

दुपारच्या चहाच्या वेळी ताईचा फोन वाजायला लागला, तेव्हा सुरुवातीला मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. तिने लग्न केलं नाही. पुण्याजवळ मांजरी गावाच्या बाजूला साखरेच्या एका प्रयोगशाळेत उसाचा रस तपासण्यात तिची सगळी नोकरी गेली. माझे यजमान गेल्यावर ती बिबवेवाडीला माझ्याकडे राहायला आली. दोन निवृत्त बायकांच्या घरी दुपारी कोणाचा फोन येणार? फार तर कर्ज घ्या म्हणून गळ घालणाऱ्या एखाद्या मुलीचा. पण ताई फोन घेऊन गॅलरीत जायची आणि मागे दार ओढून घ्यायची. आमच्या घरात गॅलरीचं दार पावसाळा सोडला तर कधीच लागत नाही. तिथे माझं लक्ष गेलं.

मी बँकेत होते. सह्या खऱ्या की खोट्या ते पाहणं हेच माझं काम होतं, त्यामुळे संशय घेणं मला अवघड जात नाही. शेवटी एकदा मी सरळ विचारलं, "कोणाशी बोलतेस गं रोज?"

"सुरीनाममध्ये एक गृहस्थ आहेत," ताई शांतपणे म्हणाली. "तिथला एक जुना साखर कारखाना बंद पडलाय. ते लोकांना तो दाखवतात. इंटरनेटवर जुन्या कारखान्यांच्या एका गटात ओळख झाली. मला बोलावलंय त्यांनी. मी जाणार आहे."

सुरीनाम कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. आफ्रिकेत असेल असं वाटलं. नकाशात पाहिलं तर दक्षिण अमेरिकेच्या वरच्या टोकाला, ब्राझीलच्या डोक्यावर चिकटलेला इवलासा देश. मुलाला फोन केला. तो खराडीला आयटीत आहे. तो म्हणाला, "आई, हा क्लासिक स्कॅम आहे. पैसे मागितले का त्याने?"

"नाही."

"मग मागेल."

महिने गेले, पण त्या गृहस्थांनी काही मागितलं नाही. मला तर त्याचाच जास्त संशय यायला लागला. जो काहीच मागत नाही, त्याला नक्की हवंय तरी काय?

एकदा मी ताईच्या हातातून फोन घेतला. पडद्यावर पांढऱ्या मिशांचा, सावळा, किरकोळ बांध्याचा माणूस. मागे गंजलेली अवजड यंत्रं आणि त्यांच्यातून वर गेलेलं झाड. सगळं एखाद्या सिनेमाच्या सेटसारखं. आधी करून ठेवलेलं चित्रीकरण तर नाही ना, म्हणून मी त्यांना म्हटलं, "जरा डावा हात कानाला लावा बघू." त्यांनी लगेच लावला आणि हसले. त्यांची हिंदी आपल्यासारखी नव्हती. भोजपुरीच्या अंगाने जाणारी, मध्येच डच शब्द पेरलेली. त्यांचे आजोबा ऊस तोडायला म्हणून हिंदुस्थानातून बोटीने तिकडे गेले आणि तिथलेच झाले. ते स्वतः शाळेत शिक्षक होते, आता निवृत्त. हे सगळं त्यांनीच सांगितलं. खरं कशावरून?

ताईला एकटीला सोडणं शक्य नव्हतं. मीही निघाले.

टिळक रस्त्यावरच्या प्रवास कंपनीतल्या माणसाने देशाचं नाव ऐकून चष्मा काढला. "अहो, आमच्याकडे दुबई आहे, बाली आहे. तिथे कोणी जात नाही."

"म्हणूनच जायचंय," ताई म्हणाली.

"जा की. परत आलेलं अजून कोणी बघितलेलं नाही, एवढंच आपलं सांगतो."

ते वाक्य मी अ‍ॅमस्टरडॅमपर्यंत मनात घोळवत होते. पिवळ्या तापाची लस घेऊन दंड दुखत होता. पुढच्या विमानात आमच्यासारखे चेहरे, डच भाषा आणि कानाला मधूनच ओळखीची वाटणारी हिंदी. पलीकडच्या बाईने लिमलेटची गोळी पुढे केली, ती मी घेतली नाही. ताईने घेतली आणि चघळत बसली.

सुरीनामचा विमानतळ शहरापासून लांब, झाडीत आहे. बाहेर आलो तर ते गृहस्थ समोरच उभे, इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात टोपी. शेजारी पन्नाशीची एक बाई. ही त्यांची मुलगी, असं ते म्हणाले. ती काही हसली नाही. आमच्या बॅगा तिने खालपासून वरपर्यंत पाहिल्या आणि ताईला म्हणाली, "तुमचा पासपोर्ट बघू."

हेच! पासपोर्ट एकदा हातात गेला की संपलं. मी ताईची पर्स आपल्याकडे ओढली आणि म्हटलं, "आधी तुमचं ओळखपत्र दाखवा."

वाटलं, चिडेल. पण तिने पाकिटातून लायसन्स काढून माझ्यापुढे धरलं. मी फोटो पाहिला, चेहरा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. मग ताईचा पासपोर्ट उघडून दाखवला, पण एक कोपरा माझ्या चिमटीत घट्ट धरून ठेवला. तिनेही नाव वाचलं, फोटो पाहिला, ताईकडे पाहिलं. आम्ही दोघी तिथे चेकपोस्टवरच्या हवालदारांसारख्या उभ्या होतो आणि ताई न् ते गृहस्थ आमच्याकडे ढुंकूनही न बघता चालत निघाले होते. ताई विचारत होती, "पण इथे उसाची लावण कुठल्या महिन्यात करायचे?"

गाडी मुलगीच चालवत होती. ती हळूच म्हणाली, "आई गेल्यापासून बाबा एकटे आहेत. रोज सकाळी उठले की भारतातल्या कुठल्याशा बाईला फोन. आमच्या गल्लीतल्या एका माणसाला असंच कोणीतरी गोड बोलून लुबाडलंय. म्हणून मी बाबांचं बँकेचं कार्डच काढून घेतलं."

"आमच्या ताईने लुबाडलं असतं म्हणता?" मी भडकून म्हटलं.

"तुम्हाला माझ्या बाबांबद्दल काय वाटत होतं?" तिने विचारलं.

यावर मी खिडकीबाहेर पाहिलं.

म्हणून काही माझा संशय गेला नाही. उतरण्याच्या जागी खोलीच्या दाराला मी आतून खुर्ची लावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पारामारिबो शहर दाखवलं. पांढऱ्या रंगाची उंच लाकडी घरं, हिरव्या खिडक्या, काही नीटनेटकी, काही मोडकळीला आलेली. एका रस्त्यावर ज्यूंचं प्रार्थनामंदिर आणि मशीद अगदी भिंतीला भिंत लावून उभी. मी म्हटलं, हे पर्यटकांसाठी केलेलं दिसतंय. मुलगी म्हणाली, "पर्यटक आहेत कुठे?" खरंच, त्या रस्त्यावर फोटो काढणाऱ्या आम्ही दोघीच होतो. तिथली रोटी खाल्ली. बटाटा, कोंबडी आणि लांबलचक चवळीच्या शेंगा. ताईने कोंबडी बाजूला सारून बाकीचं चाटूनपुसून संपवलं. मी पाणी घरून आणलेल्या बाटलीतलंच प्यायले.

मग होडीतून नदीपलीकडे निघालो. होडीवाला सारखा "डॉल्फिन, डॉल्फिन" म्हणून बोट दाखवायचा आणि मला फक्त गढूळ पाणी दिसायचं. खडकवासल्याला मगर दाखवतो म्हणणारे असतात, तसलाच हा प्रकार असणार. मी ते बोलूनही दाखवलं आणि तेवढ्यात अगदी जवळ एक करडी पाठ वर आली, खालची गुलाबी झाक दिसली आणि फुस्स करून गेली. कोणी काही बोललं नाही, याबद्दल मी त्या सगळ्यांची आभारी आहे.

कारखाना पाहिला आणि फोनमध्ये दिसलेलं झाड खरं निघालं. छपराचे पत्रे गेलेले. खोलीएवढ्या टाक्या, वाकलेले जिने, तांबडा गंज, त्यातून वेली. ते गृहस्थ मोठ्या आवाजात माहिती सांगायला लागले. ताईने दोनदा त्यांची चूक काढली. ते वाद घालत होते, ती हटत नव्हती. मग ती ऊस पिळायच्या मोठ्या रोलरांपाशी गेली. तिने पदर खोचला, दोन्ही तळवे त्या गंजलेल्या लोखंडावर टेकले आणि तशीच उभी राहिली. बराच वेळ हलेना, म्हणून मी घाबरले.

"काय होतंय गं?"

"काही नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं नळीतला रस पाहिला. नोकरीला लागले तेव्हा साहेबांना म्हटलं होतं, गाळप चालू असताना मला आत कारखान्यात पाठवा, नमुने मीच घेते. ते म्हणाले, बायकांचं काम नाही ते. मी दरवर्षी विचारायचे, दरवर्षी तेच उत्तर. मग विचारायचं सोडलं. हे यांना एकदा सांगितलं, तर हे म्हणाले, आमचा कारखाना बंद आहे, पण इथे तुम्हाला कोणी अडवणार नाही. या."

इतकी वर्षं एका घरात जेवतोय आम्ही. मला यातलं अक्षर माहीत नव्हतं. मला त्या साहेबांचा नाही, त्या पांढऱ्या मिशांच्या माणसाचा राग आला.

"मला कधी का नाही सांगितलंस?"

ताई हात झटकत म्हणाली, "तू म्हणाली असतीस, कशावरून?"

ती रागावून म्हणाली नाही, हे जास्त लागलं. मी बाजूला जाऊन एका दगडावर बसले. जरा वेळाने मुलगी शेजारी येऊन बसली आणि तिने तिची पाण्याची बाटली पुढे केली. मी प्यायले.

परत आल्यावर सोसायटीतल्या बायकांनी विचारलं, तिथे बघण्यासारखं काय आहे? मी डॉल्फिन सांगितले, लाकडी शहर सांगितलं. कारखान्याचं सांगितलं नाही.

हिवाळ्यात गाळप सुरू झालं तसे ते गृहस्थ पुण्याला आले आणि आमच्याकडेच उतरले. ताईने जुन्या ओळखी वापरून शहराबाहेरचा एक चालू कारखाना त्यांना दाखवला. मीही गेले होते. दोघं डोक्यावर पिवळ्या टोप्या घालून आवाजाच्या आत शिरले आणि कितीतरी वेळाने बाहेर आले, अंगाला मळीचा वास, दोघांचे डोळे लाल. धुराने, असं ताई म्हणाली.

त्यांच्या मुलीचा मला रोज फोन येतो. त्यांना मधुमेह आहे. काय खाल्लं, गोळी घेतली का, हे ती त्यांना विचारत नाही, मला विचारते. ते खोटं सांगतात अशी तिची खात्री आहे. माझीही आहे. काल त्यांनी लपवून दोन गुळपोळ्या खाल्ल्या, तूप लावून. मी ते तिला लगेच कळवलं.

आज तिने भलतंच विचारलं. "खरं सांगा, या दोघांचं काय चाललंय? बाबांनी परतीचं तिकीट पुढे ढकललंय."

मी स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. दाराच्या काचेपलीकडे ताई आणि ते गृहस्थ गॅलरीत खुर्च्या टाकून बसले होते. आवाज येत नव्हता, कारण दार ओढून घेतलेलं होतं.

"थांबा," मी तिला म्हटलं, "चहा द्यायच्या निमित्ताने जाऊन बघते."