रडणं ओळखणारी आक्का

घरात शिरायच्या आधी ती उंबऱ्याशीच थांबायची. हात वर करायची आन् म्हणायची, "गप बसा समदी. त्याला बोलू द्या."

'त्याला' म्हंजे रडणाऱ्या लेकराला. मग मान वाकडी करून ती रडणं ऐकायची, आपण कलिंगड वाजवून ऐकतो तसं. आन् सांगायची, "पोट हाय." नायतर, "झोप आलीय, तुम्ही झोपू देत नाय." नायतर, "कायबी नाय, लबाड हाय नुस्तं."

पंचवटीच्या अंगाला आमची गल्ली. तिथली लेकरं न्हाऊ घालायचं काम आक्काचं. पेठ तालुक्याकडची बाई, काळी, काटक. पाय लांब करून बसायची, पायावर लेकरू, बाजूला तेलाची वाटी. अंगाला तेल, टाळूला तेल, आन् शेवटाला दोन्ही कानांत दोन-दोन थेंब. "कान म्हंजे दिवा हाय. तेल नको व्हय त्याला?" असं म्हणून वरनं फुंकर मारायची.

माझी धाकटी पोर सव्वा महिन्याची असताना माझा नवरा गेला. गल्लीतल्या बाया येऊन रडून जायच्या. आक्का नाय रडली. सकाळी यायची, पोरीला न्हाऊ घालायची, मला भाकरी खायला लावायची आन् ताट घासून जायची. चाळीस दिवस. त्यामुळं पुढं मी तिच्या मागं हात धुवून लागले ते का, हे तुमच्या ध्यानात येईल.

मग मला कानाच्या एका डॉक्टरकडं झाडूपोछ्याचं काम लागलं. मला अक्षर वाचता येत नाय, पण कान वाचायला मी तिथं शिकले. कोणाच्या कानात काडेपेटीची काडी मोडलेली, कोणाच्यात लसणाची पाकळी, एका म्हाताऱ्याच्या कानातनं तर हरभऱ्याची डाळ निघाली. ती कशी गेली हे त्यालाबी ठावं नव्हतं. आन् फुटलेल्या कानाचा वास. तो एकदा नाकात बसला की जात नाय.

एक दिवस तोच वास आक्काच्या पदराला आला. डाव्या कानात कापसाचा बोळा.

"आक्का, कान वाहतोय तुमचा."

"अत्तराचा फाया हाय. लग्नाला गेलते."

"कोणाच्या?"

"तुला काय करायचंय? तुला नव्हतं बोलावलं."

पुढं महिनाभर लग्न काय संपंना.

गल्लीला खरं कळलं ते सुताराच्या नातवापायी. लेकरू सकाळधरनं केकाटत व्हतं. आक्कानं उंबऱ्यात उभं राहून ऐकलं, म्हणाली, "पोट हाय." पोटाला हिंग लावला, शेक दिला. लेकरू आणखी रडलं. दुपारी त्याच्या आईनं लंगोट सोडला तर आत मुंगळा. सुतारीण हसली, समद्या बाया हसल्या. आक्काबी हसली. पण दुसऱ्या दिवशी सुतारणीनं पलीकडच्या गल्लीतली दुसरी बाई बोलावली.

त्या सांजेला आक्का माझ्या दारात येऊन बसली. मग म्हणाली, "डाव्या अंगाला कोणी घोंगडं टाकल्यावानी वाटतंय गं. हात काय कोणाचेबी चालतात. मला ऐकून कळतं म्हणून मला बोलवतात."

मी तिला दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टरनं दुर्बिणीतनं बघितलं. "आजी, पडद्याला भोक आहे. लहानपणापासून कान फुटतो का?"

"ओढ्यात पोहायचो, तवापासनं. पण आपोआप वाहायचा राहतो."

"राहतो आणि परत सर्दी झाली की फुटतो. नाकाच्या मागून कानात वाट असते, तिथून घाण जाते. आणि वरून पाणी गेलं की भोकातून आत. कान आधी कोरडा करू. मग ऑपरेशन करून पडदा बसवता येईल. पण कान कोरडा राहिला तरच. पाणी जाऊ द्यायचं नाही."

आक्कानं मान हलवली. डॉक्टरनं कान साफ केला, थेंब दिले, गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी गेलो तर कान तसाच. परत थेंब. परत पंधरा दिवस. कान वाहतोच. डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले, जसं काय मीच रात्रीतनं तांब्या ओतते.

"आजी, पाणी जातं का कानात?"

"थेंब नाय. महिना झाला, डोक्यावरनं न्हायले नाय. डोकं बघा, भुंडा झाडू झालाय."

"मग दुसरं काही घालता?"

"तेल," आक्का म्हणाली. "रोज दिवेलागणीला. तेल म्हंजे काय पाणी हाय का?"

डॉक्टर खुर्चीत मागं टेकले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी केर नसताना झाडू मारायला लागले.

मग त्यांनी शांतपणे सांगितलं. कानात तेल नाय, लसूण नाय, काडी नाय, फुंकर नाय. एकच बोळा आठवडाभर ठेवायचा नाय. आन् न्हाताना कापूस खोबरेल तेलात बुडवून, पिळून, कानाच्या तोंडाशी लावायचा, म्हंजे पाणी आत जात नाय. न्हाणं झालं की काढून टाकायचा.

रस्त्यानं आक्का पुढं आन् मी मागं. शालिमार चौकात वळून म्हणाली, "बघितलंस? एवढा शिकलेला माणूस, शेवटी तेलावरच आला."

पण ऐकलं तिनं. मीबी पहारा ठेवला. दिवेलागणीला तिच्याकडं जाऊन तेलाची बाटली माझ्या घरी आणायची, सकाळी परत द्यायची. "पोलीस आली," असं म्हणायची ती मला. दीड महिन्यानं कान कोरडा झाला. डॉक्टरनं मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनला घेतलं.

नुसता कान बधिर करणार व्हते, म्हणून आक्का समद्या ऑपरेशनभर जागी. आत जाताना इचारलं, "पडदा कोणाचा बसवणार?"

"तुमचाच. कानाच्या वरून, कातडीखालचा पातळ तुकडा घेऊ."

"मग ठीक. दुसऱ्याचा नको. त्याच्या घरचं ऐकू यायचं मला."

नर्स सांगत व्हती, डॉक्टरला हसू आवरंना म्हणून त्यांनी हात थांबवला आन् म्हणाले, "आजी, आता अजिबात बोलायचं नाही." तरी शेवटाला आक्कानं इचारलंच, "तुम्हाला लेकरं किती?"

पुढं लय दिवस पथ्य. जोरात शिंकरायचं नाय, जड उचलायचं नाय, डोक्यावर पाणी नाय. गल्लीतली समदी लेकरं जिनं न्हाऊ घातली, तिचं अंग मी ओल्या फडक्यानं पुसायची. ती कुरकुरायची. "मान धर. बोटं लावू नको नुस्ती, दाब. तुझ्या हातात लेकरू दिलं असतं तर निसटलं असतं."

पडदा धरला का नाय, हे कळायचा दिवस आला. डॉक्टर आतनं बोलवायच्या आधी आम्ही बाकावर बसलेलो. समोर एक बाई, मांडीवर तान्हं, रडून लाल झालेलं. तिची सासू म्हणत व्हती, दात येतायत. आक्कानं उजव्या कानावर हात ठेवला आन् डावा पुढं केला.

"दात नाय," ती म्हणाली. "कान दुखतोय. गिळताना जास्ती रडतंय बघ."

सासूनं तोंड वाकडं केलं. पण आत डॉक्टरनं लेकराचा कान बघितला तर लालभडक. त्या आईला त्यांनी इचारलं, "कानात काही घातलंय का?" ती म्हणाली, "तेल." डॉक्टर काय बोलायच्या आधी दारातनं आक्का ओरडली, "तेल घालतात व्हय कानात? अडाणी कुठली."

मी खाली मान घालून फरशी पुसली.

त्यानंतर तिनं लय वर्षं काम केलं. अंगाला तेल, टाळूला तेल, कानाला फक्त बाहेरनं फडकं. सुतारीण परत आली. पुढं मोबाइल आले तवा लग्न होऊन सिन्नरला गेलेल्या पोरी फोन लेकराच्या तोंडाशी धरायच्या, आन् आक्का डाव्या कानाला लावून सांगायची, "भूक हाय. फोन ठेव आन् पाज."

शेवटाला हात थरथरायला लागले. एक दिवस स्वतःच म्हणाली, "आता माझ्याकडनं लेकरू निसटंल." तवापासनं कोणाच्या लेकराला हात लावला नाय. दारात बसायची, बाया लेकरं घेऊन ऐकवायला यायच्या.

तिला जाऊन लय वर्षं झाली. आता गल्लीत लेकरू रडलं की आम्ही चार बाया जमतो. एक म्हणती पोट, एक म्हणती दात, एक म्हणती दृष्ट. मी म्हणते, डॉक्टरला दाखवा. आमचं चालू असतं, आन् लेकरू रडतच असतं.