भुऱ्याला घेऊन महादेवाला निघालो तेव्हा

खरं काय ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे लिहायची हिंमत होणार नाही. मी महादेवाजवळ खोटं बोलत होतो. रोज सकाळी पिंडीवर पाणी घालायचो आणि तोंडानं म्हणायचो, देवा, माझ्या भुऱ्याला चांगलं घर भेटू दे. आणि मनात, अगदी त्याच वेळी, म्हणायचो, नको भेटू दे. यातलं देवाला कोणतं ऐकू जातं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आज ठाऊक आहे असंही म्हणत नाही. पण मागच्या शिवरात्रीला जे झालं ते कोणाला तरी सांगावं असं इतकं वाटून राहिलं आहे की दोन दिवसांपासून सगळी कामं टाकून लिहीत बसलो आहे.

भुऱ्या म्हणजे कुत्रा. थांबा, कुत्र्यांचं आधी सांगतो. आमचं गाव गोंदियाकडच्या कामठ्याजवळ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथून जवळच विमानं उतरायचं मैदान केलं होतं. गोरे शिपाई राहायचे आणि त्यांच्याजवळ मोठमोठी कुत्री होती. उभ्या कानांची, लांडग्यासारखी, पाठ माझ्या कमरेला लागेल एवढी उंच. लढाई संपली, शिपाई गेले, कुत्री राहिली. तारेच्या कुंपणाजवळ बसून ती दिवसभर सडकेकडे पाहत राहायची. गाडी येईल, आपला माणूस उतरेल, असं त्यांना वाटत असावं. गावातली पोरं दगड मारायची, बाया त्या वाटेनं सरपणाला जाईनात. त्याच वर्षी माझी आई पटकीनं गेली होती. बाबा मी लहान असतानाच गेले, बहीण दूर दिलेली. घरात मी एकटा. शेत काकाजी पाहायचे आणि जेवणाचं ताट त्यांच्याच घरून झाकून यायचं. त्यातलं अर्धं घेऊन मी कुंपणाकडे जायला लागलो. कोणी आपली वाट पाहतं आहे, अशी मला तेवढी एकच जागा उरली होती.

एकेक करून पाच कुत्री घरी आणली. त्यांना माणसांत राहायचं शिकवणं म्हणजे काय गंमत होती म्हणून सांगू! अंगात ताकद एवढी की दोरी मी धरलेली, पण फरफटत मीच जायचो. कोंबडी दिसली तरी बसून राहायचं, बैलाच्या पायात शिरायचं नाही, ढोल वाजला तर बिथरायचं नाही. आणि सगळ्यांत कठीण, लुगड्यातल्या बाईवर गुरकावायचं नाही, कारण छावणीत त्यांनी बाया पाहिल्याच नव्हत्या. मी आईचं जुनं लुगडं डोक्यावरून घेऊन अंगणात फिरायचो. काकाजी बांधावरून ओरडायचे, "अबे, लोक हासून राहिले ना! पोरगी कोन देईन तुले?" पण शिकली, सगळी शिकली. मग लोक मागायला यायला लागले. धानाला रानडुकरांचा त्रास, शेळ्यांना बिबट्याचा, असा राखणदार कोणाला नको? माझा एकच नियम होता. ज्याला कुत्रा पाहिजे त्यानं सात दिवस माझ्या अंगणात यायचं आणि आपल्या हातानं त्याला भात चारायचा. तेवढा वेळ मी घरामागे जाऊन बसायचो. पहिले दोन दिवस कुत्रा तोंड फिरवायचा, तिसऱ्या दिवशी भीत भीत खायचा, सातव्या दिवशी नव्या धन्याच्या मागे आपणहून निघायचा. चार कुत्री अशी चांगल्या घरी लागली.

भुऱ्या पाचवा. तो ताटातलं खायचा नाही, माझ्या तळहातावरचंच खायचा. तशी सवय मीच लावली होती. मी पायरीवर बसलो की येऊन मांडीवर डोकं टेकवायचा, आणि ते डोकं चांगलं जड होतं, पाय मुंग्या येऊन बधिर व्हायचा तरी मी हलायचो नाही. आई गेल्यावर माझ्या अंगाला कोणी टेकलंच नव्हतं. तर झालं असं की भुऱ्याला मागायला माणसं आली तेव्हा मी माझाच नियम मोडला. म्हणायचो, सात दिवस कायले, आजच घेऊन जा. वरून पाहणाऱ्याला वाटावं, किती मोकळ्या मनाचा पोरगा आहे! आतून मला पक्कं माहीत होतं की हा तिथं खाणार नाही आणि माझ्याकडेच येईल. तीन घरी दिला, तिन्ही घरून वापस आला. गोंदियाच्या एका शेठजींनी तर माणसाबरोबर निरोपच पाठवला, "ले जाओ भाई अपना शेर, यहाँ तो भूखा मर जायेगा." मी वरवर हळहळलो आणि आत जाऊन भुऱ्याच्या गळ्यात पडलो.

तिसऱ्यांदा मात्र तो चार दिवसांचा उपाशी, दोरी तोडून पळत आला आणि गावाच्या वेशीवर त्यानं मुकद्दमाची गाभण शेळी फाडली. मुकद्दम म्हणजे आमच्या गावाचा मुख्य. माणूस वाईट नाही. माझ्या दारात आला, उभ्यानंच बोलला. "बापू, तुझी माय गेली म्हणून गाव गप्प होतं. शेळी माझी होती म्हणून मीही गप्प बसतो. उद्या कोनाचं लेकरू असन तर? शिवरात्रीनंतर हा लांडगा गावात दिसला तर मी बंदूक काढीन. मंग मले दोष देजो नको." चूक कुत्र्याची नव्हतीच. माझ्या एकटेपणाची भूक मी त्याच्या पोटात घातली होती, आणि आता गोळी त्याला लागणार होती.

शिवरात्रीला सहा दिवस होते. आई दरवर्षी पायी प्रतापगडला जायची. गडावर महादेव, तिथंच दर्गाही, सगळ्या झाडीपट्टीतली माणसं त्या यात्रेला लोटतात. एवढ्या माणसांत भुऱ्याला कोणी तरी घेईल, नाहीतर महादेव काही तरी दाखवील, असं म्हणून मी निघालो. काकाजी म्हणाले, "महादेव काय करन त्या कुत्र्याले? त्याच्याजवळ नंदी आहे." पण जाताना दशम्या त्यांनीच बांधून दिल्या.

फुलचूरपर्यंत ठीक गेलं. पुढे महादेवाला जाणारी मंडळी भेटली, गाणी म्हणत, झांजा वाजवत चाललेली. मी जवळ गेलो की बाया पोरांना कडेला ओढायच्या. एक म्हातारा म्हणाला, "तू येजो बापू, पन त्याले मांगं ठेव." मागं ठेवायचा म्हणजे मीच मागं राहणार ना. तीन दिवस मी त्यांच्या गाण्यापासून शंभर पावलं मागे चाललो. ते "हर हर महादेव" म्हणायचे, त्यांची धूळ उडून खाली बसली की मी त्या धुळीतून जायचो. घरात एकटं असणं वेगळं, पण माणसांच्या एवढ्या जवळ असून एकटं असणं, ते फार लागतं. आणि तरीही, खोटं कशाला बोलू, विसाव्याला भुऱ्या माझ्या हातावरची दशमी खायचा तेव्हा वाटायचं, बरंच आहे, आपण दोघंच बरे.

चौथ्या दिवशी नवेगावचं जंगल मागे टाकलं आणि प्रतापगडची टेकडी दिसायला लागली. कोस-दीड कोस राहिली असेल. तिथं एका तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, मला थंडी वाजून आली. भर दुपारी दात वाजायला लागले. हिवतापच, आमच्याकडे नवा नाही, पण असा कधी आला नव्हता. एका पळसाखाली बसलो, मग आडवा झालो. महादेवाला एवढंच म्हणालो, इतक्या जवळ आणून असं करतोस? त्यात भक्ती नव्हती, राग होता.

पुढचं मी पाहिलेलं नाही. त्या तलावावर मासोळी आणि शिंगाड्याचा धंदा करणारं एक धिवराचं जोडपं होतं, डोमाजी आणि भिवराबाई. दोघंही आईच्या वयाची. डोमाजीनं मागून मला हसत हसत सांगितलं. भुऱ्या माझ्या अंगावर उभा. वाटेनं यात्रेकरू जात होते, कोणी जवळ आलं की दात दाखवायचा. दोघं-तिघं काठ्या घेऊन आले तेव्हा भिवराबाईनं त्यांनाच हाकललं. मग ती दहा पावलांवर भुऱ्याकडे पाठ करून बसली आणि मासोळ्या साफ करायला लागली. त्याच्याकडे पाहायचं नाही, बोलायचं नाही. डोमाजी लांबून ओरडत होता, "अवो, मान धरन ना तुही!" ती म्हणे, "धरन तं धरन, तुमचं तोंड बंद ठेवा." उन्हं कलेपर्यंत तशीच बसली. शेवटी भुऱ्या तिच्यामागे आला, मान हुंगली, पाठ हुंगली, आणि परत येऊन माझ्याजवळ बसला, पण या वेळी खाली बसला. तेव्हा त्यांनी मला उचलून झोपडीत नेलं.

दोन दिवस मी तापात होतो आणि दोन दिवस भुऱ्यानं अन्नाला तोंड लावलं नाही. भात नाही, मासोळी नाही, पाणी तेवढं प्यायला. शुद्धीवर आलो ती शिवरात्रीची सकाळ होती. बाहेरून ढोलांचा आवाज येत होता. पहिलं काय कळलं असेल? माझ्या हाताला मासोळीचा वास! शिवरात्रीच्या दिवशी! मी धडपडून उठायला गेलो.

"निजून राय, बापू," भिवराबाई म्हणाली. "उपास तुहा मोडला नाही. तू खाल्ली नाही, त्यानं खाल्ली."

"कोनी चारली?"

"तूच चारली."

मग तिनं सांगितलं. कुत्रा दुसऱ्याच्या हातचं खात नाही हे तिनं ओळखलं. म्हणून तिनं माझा बेशुद्ध हात धरला, तळव्यावर भाजलेली मासोळी ठेवली, आणि माझ्या हाताखाली आपला हात ठेवून तो भुऱ्याच्या तोंडाजवळ नेला. त्यानं खाल्लं. दुसरी मासोळी अर्धी माझ्या बोटांवर, अर्धी तिच्या बोटांवर. तिसऱ्या वेळी तिनं माझा हात हळूच काढून घेतला. खालचा हात तिथंच होता. भुऱ्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि खाल्लं.

मी भिंतीकडे तोंड केलं आणि रडलो. तिला वाटलं अशक्तपणानं. मी म्हणालो, हा तीन घरून वापस आला आहे. ती चुलीतल्या काटक्या सारत होती. सहज म्हणाली, "वापस कसा आला? इतकं शिकवलं तुनं त्याले, दुसऱ्याच्या हातचं खाणं काऊन नाही शिकवलं?" मग तिनं वळून पाहिलं. "बापू, तू कुत्रा द्याले निघाला होता का देवाले नुसतं दाखवाले?" जे मी महादेवापासून लपवत होतो ते या बाईनं चूल फुंकता फुंकता काढलं. मग मी सगळं सांगितलं, त्या शेळीचंही, बंदुकीचंही. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आमचा कुत्रा गेल्या साली बिबट्यानं नेला. शेळ्या आहेत, तलाव आहे, याचे पाय वावरतील इथं. पन तुह्या तोंडातून निघालं पाहिजे."

निघालं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्याही नाही. ताप पुन्हा आला, उतरला, पायांत जीव नव्हता. मी खाटेवरून पाहत राहायचो. भिवराबाईच्या हातून तो खायचा, डोमाजीबरोबर पारीवर जायचा, शेळ्या इकडून तिकडे वळवायचा. पहिल्या दिवसांत दर थोड्या वेळानं येऊन मला हुंगून जायचा. मग उशिरानं यायला लागला. एकदा त्याची पाठ ओली होती, तलावात पोहून आला होता. माझ्याजवळ असताना तो कधी पोहला नव्हता. मला त्याचा राग आला, मग माझाच आला, मग कोणाचाच राहिला नाही. शेवटी उठून चालायला लागलो तेव्हा मोजलं, तिथं आठ दिवस झाले होते. सात पुरतात. एक दिवस जास्तीचा माझ्यासाठी असावा.

लोक विचारतात, मग दर्शन झालं का? नाही झालं. गड चढलोच नाही, पारीवरूनच हात जोडले. मी याला चमत्कार म्हणत नाही. हिवताप आमच्याकडे कोणालाही येतो आणि भिवराबाईनं कोणालाही उचलून नेलं असतं. पण माझा हात शुद्धीत असता तर तो मी कधीच बाजूला घेऊ दिला नसता, हे मला ठाऊक आहे. तो काढून घ्यायला मला आडवंच करावं लागलं. मी मागितलं होतं दोन तोंडांनी, देणाऱ्यानं त्यातलं खरं तेवढं दिलं. घर अजून रिकामंच आहे. पायरीवर बसलो की मांडी हलकी लागते, सवय झालेली नाही. पण पाणी घालताना आता एकच वाक्य म्हणतो आणि मनात दुसरं काही ऐकू येत नाही.

निघालो त्या सकाळी भिवराबाईला म्हणालो, "आई, याले ठेवून घ्या." तोंडातून आई कसं निघालं कोणास ठाऊक. तिनं माझ्या फडक्यात शिंगाडे बांधले. डोमाजी म्हणाला, "दोरी तरी ठेवून जा." ती म्हणाली, "कायले पाहिजे दोरी?" मी पारीवरून चालायला लागलो. मागे पाहायचं नाही असं ठरवलं होतं. थोड्या वेळानं वाळल्या पानांवर पाय वाजले. ओळखीचे, जड पाय. माझ्यामागे आले, मी थांबलो तसे थांबले. श्वास ऐकू येत होता. एक हात मागे केला असता तर त्याचं नाक तळव्याला लागलं असतं. मी हात छातीशी धरून उभा राहिलो. झोपडीतून हाक आली, "भुऱ्या, ये गा!" काही क्षण कुठलाच आवाज नाही. मग पानं पुन्हा वाजली, आधी हळू, मग पळत, आणि दूर दूर जात राहिली. पार ऐकू येईनाशी होईपर्यंत मी तिथंच उभा होतो. डोळे मिटून हात जोडले होते. गडाकडे जोडले की झोपडीकडे, मला आठवत नाही.