त्या सकाळी तो काय म्हणाला

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवासमोर हात जोडते तेव्हासुद्धा हिला वळसा घालूनच जोडते. मग तुम्हाला का सांगते आहे? ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखणारे सगळे मला चांगली बाई समजतात.

माझी सगळी नोकरी देवबागला झाली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आमचं गाव, आणि त्या गावात इंग्रजी येणारी म्हणजे मी, सामंत बाई. बँकेचं पत्र आलं, बोटीवरच्या नवऱ्याचे कागद आले, औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं असलं, की लोक माझ्याकडे यायचे. मला ते आवडायचं. किती आवडायचं, ते मला फार उशिरा कळलं.

दिगंबर माझा विद्यार्थी. सगळे त्याला दिगू म्हणत. त्याची आई तो लहान असतानाच गेली. वडील गोव्याला ट्रॉलरवर कामाला गेले आणि तिकडेच दुसरं घर करून राहिले. पोराला वाढवलं ते त्याच्या विधवा काकीने. तिचं नाव भागीरथी, पण सगळ्यांची ती भागीकाकी. किनाऱ्यावर लिलावात मासे घ्यायचे आणि पाटी डोक्यावर ठेवून दारोदार विकायचे, हे तिचं आयुष्य. माझ्या दारात तर ती रोज यायची.

चार बांगडे विकायला तिला अर्धा तास लागायचा. पाटी खाली ठेवली की सुरू — लिलावात कोण कोणावर खेकसलं, कुणाच्या सुनेने सुरमई उलटीपालटी करून शेवटी स्वस्तातले पेडवेच घेतले, कुणी कालचा मासा आजचा म्हणून खपवला. आवाजासकट, हातवाऱ्यांसकट. मी घड्याळाकडे बघत उभी असायचे. काय ही बडबड, असं वाटायचं.

दिगू आठवीत असताना मी वर्गाला इंग्रजीत निबंध लिहायला दिला होता. त्याने काकीचा बाजारातला एक दिवस लिहिला. मोडकंतोडकं इंग्रजी, पण तीन पानं. मी त्यातली दोन पानं लाल पेनने खोडली आणि खाली लिहिलं, गप्पा नकोत, मुद्द्याचं लिही. तेव्हा मला काही टोचलं का? नाही. काहीच टोचलं नाही.

मी त्याच्यासाठी काही केलं नाही, असंही नाही हं. शाळा सुटल्यावर त्याला थांबवून व्याकरण घेतलं, घरची पुस्तकं वाचायला दिली, कॉलेजचे अर्ज माझ्या हाताने भरले. तो कॉम्प्युटर शिकायला अमेरिकेला गेला तेव्हा लोक मला म्हणाले, बाई, तुमचा विद्यार्थी. मग काही वर्षांनी कळलं की ती वाट सोडून तो तिकडच्या टीव्हीसाठी मालिका लिहिणाऱ्यांत शिरलाय. भागीकाकी काळजीत पडली. मला विचारायला आली.

"म्हणजे नाटकां लिवता काय तो? त्येच्यावर पोट भरता?"

भरतं, म्हटलं. काळजी करू नकोस.

दोन हजार पाच साल असावं ते. अनंत चतुर्दशी जवळ आली होती. दिगूचा माझ्या घरी फोन आला. सिनेमाला जसा ऑस्कर, तसा तिकडच्या टीव्हीला एमी. दरवर्षी सप्टेंबरात मोठा समारंभ होतो. त्याने आणि आणखी एकाने मिळून लिहिलेल्या एका भागाला नामांकन होतं. तिकडे रविवारची संध्याकाळ, म्हणजे आपल्याकडे सोमवारची सकाळ. एका इंग्रजी चॅनेलवर थेट दाखवणार होते.

तो म्हणाला, "बाई, तुमी काकीच्या घराक जावन बसशात? बक्षीस मिळतला की नाय माहीत नाय. पण मिळाला तर माका कायतरी बोलाचा आसा. तिका कळाचा नाय. तुमी सांगा तिका."

मी हो म्हटलं. आनंदाने म्हटलं.

त्या सोमवारी मी शाळेत उशिरा येईन असं कळवलं आणि ठेवणीतली साडी नेसून भागीकाकीकडे गेले. तिच्या पडवीत टीव्ही मांडला होता. शेजारपाजारची दहा-बारा माणसं जमली होती. मुंबईहून गणपतीला आलेले सगळे परत गेले होते, त्यामुळे जमलेल्यांत इंग्रजी समजणारं कुणी नव्हतं. भागीकाकीने मला खुर्ची दिली आणि स्वतः खाली, माझ्या पायांजवळ बसली. त्या दिवशी तिने पाटी उचललीच नव्हती. तिने असा खाडा केलेला मी कधी बघितला नव्हता.

पडद्यावर झगमगाट चालला होता. बायकांचे उघड्या पाठीचे झगे बघून आमच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी मध्येमध्ये समजावून सांगत होते. हे बक्षीस नटाचं, हे दिग्दर्शकाचं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि मग लेखनाचं बक्षीस पुकारलं आणि दिगूचं नाव आलं. भागीकाकीने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. काळा कोट घातलेला आपला दिगू तिथल्या पायऱ्या चढत होता.

आधी त्याचा जोडीदार बोलला. मग दिगू पुढे आला. त्याच्या वाट्याला अर्धं मिनिटसुद्धा आलं नसेल. तो भरभर बोलला, तिकडच्या उच्चारांत. पण मला सगळं कळलं. अक्षर न् अक्षर कळलं.

तो म्हणाला, गोष्ट सांगायला मी एका बाईकडून शिकलो. ती मासे विकते. रोज रिकामी पाटी घेऊन घरी यायची आणि मला जेवायला वाढता वाढता बाजार सांगायची. तिला लिहिता-वाचता येत नाही. आत्ता ती माझ्या गावात बसून मला बघते आहे, आणि मी काय बोलतोय ते तिला कळत नाहीये. पण तिच्या शेजारी माझ्या इंग्रजीच्या शिक्षिका, मिसेस सामंत, बसल्या आहेत. त्या तिला सांगतील.

एवढंच. लगेच संगीत सुरू झालं आणि त्याला आत नेलं.

या सगळ्यातून पडवीतल्या माणसांना एकच शब्द कळला होता — सामंत. तो 'काकी' म्हणाला असता तर? पण इंग्रजीत बोलताना तो 'एक बाई' असं म्हणाला होता. शेजारचा एकजण ओरडलाच, "बाईंचा नाव घेतल्यान!" सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. भागीकाकी माझा गुडघा धरून विचारत होती, "काय म्हणालो तो? बाईनु, काय म्हणालो?"

आणि मी — इथे माझा हात थांबतो आहे. तरी लिहिते. मी म्हणाले, "तो म्हणाला, मी आज इथे उभा आहे तो माझ्या सामंत बाईंमुळे."

का म्हणाले? पुष्कळ वेळा स्वतःला विचारलंय. एवढ्या माणसांचे डोळे माझ्यावर होते म्हणून? त्याने माझं नाव खरंच घेतलं होतं म्हणून? की इतकी वर्षं शिकवून शेवटी मी त्याच्यासाठी फक्त निरोप पोचवणारी निघाले, ते लागलं म्हणून? मी खोडलेली ती दोन पानं घेऊन तो त्या व्यासपीठावर चढला होता. ते मला त्या क्षणी कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच बोलले, असं आता वाटतं.

भागीकाकी उठली. वाकून माझ्या पाया पडली. वयाने ती माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी.

"तुमी नसतास तर माझो दिगू खंय पोचतलो होतो?" ती म्हणाली. तिचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता. स्वतःचं नाव आलं नाही याचं तिला काहीच वाटलं नव्हतं. आपलं नाव येईल, असं तिच्या मनातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याचा काकीला फोन आला. मी दिवसभर घरात येरझाऱ्या घालत होते. संध्याकाळी भागीकाकी स्वतःच सांगत आली. त्याने विचारलं होतं, बाईंनी सांगितलं का. तिने उत्तर दिलं होतं, "सगळा सांगितल्यानी. बरा बोललंस रे. खूप बरा वाटला." तो समाधानाने हसला म्हणे. दोघंही आपापल्या जागी खरं तेच बोलत होती. मधे मी होते.

पुढे शाळेने माझा सत्कार ठेवला. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, शिष्याने अमेरिकेत गुरूचं नाव घेतलं म्हणून. मुख्याध्यापकांना वाटलं, मुलाची पालक म्हणून भागीकाकीच्या हस्ते शाल द्यावी. ती नवं लुगडं नेसून आली. सभागृहात तिने ती शाल माझ्या खांद्यांवर नीट पसरली, एका बाजूने घसरत होती ती वर ओढून बसवली. तिच्या हातांना माशांचा वास होता. लोक टाळ्या वाजवत होते, आणि मी मान खाली घालून उभी होते. विनय वाटला असेल लोकांना.

त्यानंतर ती माझ्या दारात आली की पाटीतला सगळ्यात चांगला मासा आधी माझ्यासाठी काढून ठेवायची. पैसे घ्यायची नाही. नको म्हटलं तर रागवायची. आणि मी आता घड्याळाकडे बघत नव्हते. तिच्या गोष्टी संपेपर्यंत उभी राहायचे. तेवढ्याने काही फिटणार नव्हतं, हे मला कळत नव्हतं असं नाही.

दोन वर्षांनी दिगू आला. पहिला काकीकडे गेला, मग माझ्याकडे. वाकून नमस्कार केला आणि दार लोटून हळूच विचारलं, "बाई, त्या दिवशी तिका सांगितलात तेव्हा ती काय म्हणाली? माका ती नीट सांगणा नाय. विषय काढलो की तुमचाच कौतुक करता."

किती सोपं होतं तेव्हा. दार लोटलेलं, ऐकायला कुणी नाही. तो रागावला असता, रडला असता, पण काकी जिवंत होती. त्याने धावत जाऊन तिला सांगितलं असतं आणि सगळं जागच्या जागी बसलं असतं.

मी म्हणाले, "काही बोलली नाही रे. नुसती रडली." त्याचे डोळे भरून आले. मी त्याला पाणी आणून दिलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात भागीकाकी आजारी पडली. पाटी सुटली. मी रोज जाऊन बसायचे. लोक म्हणायचे, सामंत बाईंसारखं माणूस नाही. एका दुपारी आम्ही दोघीच होतो. तिला बोलायला त्रास होत होता. तरी म्हणाली, "बाईनु, त्या दिवशी तो काय म्हणालो, तां वायच परत सांगा."

सांगायचं म्हणून मी खुर्ची तिच्या उशाजवळ ओढली. खरंच सांगायचं होतं. तोंड उघडलंही. भागीकाकी, तो म्हणाला, गोष्ट सांगायला मी — एवढं वाक्य मनात तयार होतं. पण तिने माझ्याकडे बघितलं. देवाकडे बघावं तसं बघितलं. आणि मी तेच सांगितलं. मी आज इथे उभा आहे तो माझ्या सामंत बाईंमुळे. हे वाक्य त्याने कधी उच्चारलेलंच नव्हतं. तिने मान हलवली. "बरा," म्हणाली, आणि डोळे मिटून पडून राहिली.

चार दिवसांनी ती गेली. दिगूला यायला जमलं नाही, विमानं चुकत गेली. फोनवर त्याने आधी तिच्या शेवटच्या दिवसांचं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाला, "मी काय म्हणालंय तां तिका जिती असताना कळला. माका तेवढा पुरे, बाई."

मी म्हटलं, "हो."

तो अजून तसंच समजतो.