दारात आणून टाकलेली धामण

मी नर्स होते. नोकरीची सगळी वर्षं मी लोकांना सुया टोचल्या आणि एक खोटं सांभाळलं. सुया सरकारी होत्या, खोटं घरचं होतं.

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास माझ्या धाकट्या भावाला तिथल्या एका कचेरीत लिपिकाची नोकरी लागली. जळकोटजवळच्या आमच्या वस्तीतला तो पहिला कारकून. माझं तेव्हा नांदेडला नर्सिंगचं शिक्षण चाललं होतं. त्याच्या पत्रांत पत्त्याखाली ‘जि. लातूर’ असं लिहिलेलं असायचं आणि त्याखाली दोन रेघा, जणू जिल्हा त्यानंच केला होता. कपाटं अजून आली नाहीत, फायली जमिनीवर आहेत, मला मिळालेली खुर्ची डुगडुगते, असं तो मजेत लिहायचा. पुढं पत्रं आखूड होत गेली. मला वाटलं, साहेब झाला, आता बहिणीला कशाला लिहील.

उन्हाळ्यात आम्ही दोघं एकाच वेळी घरी आलो. एका दुपारी मी शेंगा फोडत बसले होते, तो शेजारी येऊन बसला. म्हणाला, “अक्का, मला झोपच लागून न्हाई राहिली. नुसता पडून राहतो. कशाचं काही वाटंनाच झालंय.”

मी हसले. खोटं कशाला सांगू, चांगली खळखळून हसले. म्हणाले, “नोकरदार मानसाला कशाची रे झोप? बायको आनू तुला एक, मग बघ कशी झोप लागती.” एवढ्यावर थांबले असते तरी ठीक. मी आत जाऊन आईला सांगितलं, आईनं बाबांना सांगितलं, आणि संध्याकाळी जेवताना सगळ्या घरानं त्याची चेष्टा केली. तोही हसला. त्याचं ते हसणं मला अजून दिसतं.

चौथ्या दिवशी तो आमच्या शेतातल्या आखाड्यावर, तिथल्या खोपीत गेला आणि परत आला नाही. त्यानं जीव दिला. हे तीन शब्द कागदावर लिहायला मला म्हातारी व्हावं लागलं. का दिला, ते आम्हाला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. कचेरीत काही झालं नव्हतं, घरात काही झालं नव्हतं. त्याला झोप लागत नव्हती आणि त्यानं ते मला सांगितलं होतं, एवढंच मला माहीत आहे.

आखाड्यावर आधी माझा चुलता पोचला. परत येऊन तो बाबांच्या कानाशी लागला आणि मग मोठ्यानं म्हणाला, “पान लागलं पोराला.” आमच्याकडे साप चावला असं सरळ म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. बाबांनी मान हलवली. आईनं हंबरडा फोडला. मी आखाड्यावर जाऊन आले होते. नर्सिंगचं अर्धं शिकले होते. मला दिसलं ते मी कुणाला सांगितलं नाही.

साप चावला म्हटल्यावर साप शोधायला हवा. शेजारचे काका काठी घेऊन निघाले, त्यांच्यामागं वस्तीतले आठदहा जण. दुपार कलताना त्यांनी एक लांबलचक मेलेलं जनावर काठीवरून आणलं आणि आमच्या दारात टाकलं. ती धामण होती. उंदीर खाते म्हणून रानात तिला कुणी मारत नाही आणि तिला विष नसतं, हे आमच्याकडे चड्डीतल्या पोरालाही ठाऊक असतं. आता कुणीतरी म्हणणार, अहो ही तर धामण. मग सगळं उघडं पडणार. काकांनी काठीनं ती उलटी केली, नीट पाहिली आणि म्हणाले, “हाव, ह्येच ते जनावर.” बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मग ती पलीकडं नेऊन पुरली.

मला हायसं वाटलं. भाऊ घरात पडलेला आणि मला हायसं वाटलं. लोक फसले, आपण सुटलो, असं मनात आलं. त्या हायसं वाटण्याची मला जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कशाची वाटत नाही. एक गोष्ट सोडून, आणि ती वर सांगितलीच आहे.

पुढं दरवर्षी त्याच्या स्मृतिदिनाला बुद्धवंदना झाली की बाबा पाहुण्यांना सापाची गोष्ट सांगायचे. साप दरवर्षी थोडा थोडा वाढायचा. पहिल्यांदा काठीएवढा होता, पाचव्या वर्षी त्याला फणा आला. आई पदर तोंडाला लावून बसायची आणि मी चहा द्यायचे. दोघं जाईपर्यंत आम्ही तिघं एकमेकांशीसुद्धा खरं बोललो नाही. मी नोकरी मुद्दाम देगलूरकडं मागून घेतली. जिल्हा वेगळा, माणसं वेगळी, अर्धं बोलणं तेलुगूत. तिथं कुणी विचारणार नव्हतं. साप चावलेला माणूस दवाखान्यात आला की मी नातेवाईकांची उलटतपासणी घ्यायचे. साप कसला होता, कुणी पाहिला, खरं सांगा. डॉक्टर म्हणायचे, सिस्टर फार दक्ष आहेत.

मग तो दुष्काळ आला, ज्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आमच्याकडेही टँकरच्या वेळेवर गाव उठायचं आणि बसायचं. निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. घरातल्या कुणी जीव दिला असेल तिथं जाऊन भेटायचं, मागं राहिलेल्यांची चौकशी करायची, असं काम आमच्याकडं आलं आणि त्यासाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवणारी समुपदेशक माझ्या निम्म्या वयाची. ती म्हणाली, “ज्यांच्या स्वतःच्या घरात असं घडलंय, त्यांचं बोलणं लोकांना जवळचं वाटतं. फॉर्मनं जे होत नाही ते त्यानं होतं. जबरदस्ती नाही, पण कुणाला चालणार असेल तर हात वर करा.”

मी पेन उचललं आणि वहीत तारीख घातली. तारीख आधीच घातलेली होती.

हात वर केला तो आमच्या उपकेंद्राच्या आशाताईनं. ही गावोगाव फिरणारी आमची आरोग्य कार्यकर्ती, सातवी शिकलेली, दोन लेकरांची आई. उभी राहून म्हणाली, “माझ्या मालकानं जीव दिला. दोन वर्सं झाली.” पाणी पिऊन खाली बसली. मला तिचा राग आला. असं कुणी चारचौघांत बोलतं का, असं मी शेजारणीला म्हणालेसुद्धा.

आमची पहिलीच भेट होती ती एका आईची. तिची थोरली मुलगी, बावीस वर्षांची, दीड महिन्यापूर्वी गेली होती. घरात आई आणि धाकटी, बारावीतली. आईनं घागरीच्या तळातून अर्धा अर्धा पेला पाणी दिलं. मी फॉर्म काढला. मृत्यूपूर्वी वागण्यात बदल जाणवला होता का? हो की नाही. आई म्हणाली, “पोटात दुखत व्हतं तिच्या. लई दिवसांचं दुखनं.” मी ‘नाही’वर खूण केली. मला ते पोट ओळखीचं होतं, आमच्या सापाचं ते सख्खं भावंड. तरी मी खूण केली.

आशाताईनं पेला खाली ठेवला. म्हणाली, “माय, माझा मालक गेला तवा मी बी छातीत कळ आली म्हनून सांगत व्हते.” आई तिच्याकडं वळली आणि जी बोलायला लागली ती तासभर थांबली नाही. माझ्या हातात फॉर्म होता, मी त्यानं वारा घेत बसले.

धाकटी सगळा वेळ खांबाला टेकून उभी. आम्ही निघालो तर ती माझ्यामागं अंगणापर्यंत आली. हळूच म्हणाली, “बाई, तुमच्यात कुनी असं गेलंय का? भाऊ, बहीन?”

“न्हाई गं बाई,” मी म्हणाले. एका दमात.

“बरं,” म्हणाली आणि आत गेली.

दोन आठवड्यांनी आशाताईचा फोन आला. धाकटी कॉलेजला जात नव्हती, धड जेवत नव्हती, आणि मैत्रिणीला म्हणाली होती की मलाबी अक्काकडंच जायचंय. आशाताई तीनदा जाऊन आली होती. “माझ्याशी बोलंना ती. म्हनती, तुमचा मालक गेला, माझी अक्का गेली, तुम्हाला न्हाई कळनार. सिस्टर, भाऊ-बहीन गेलेलं कुनी हाय का आपल्यात? असलं तर घेऊन या लवकर. मला भ्या वाटून राहिलंय.”

मी म्हणाले, बघते. फोन ठेवला. पोरीनं मला विचारलं होतं. अख्ख्या तालुक्यात नेमकं मलाच विचारलं होतं, आणि मी तिला दारातून परत लावून दिलं होतं. माझ्या भावानंतर हे दुसऱ्यांदा. हिचं काही झालं तर मी कोणता साप दाखवणार होते?

मिळेल त्या गाडीनं मी गेले. टँकर आलेला होता, आई घागरी घेऊन रांगेत, आशाताई दारात माझी वाट बघत. मी तिला बाहेरच बसायला सांगितलं. धाकटी आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी जमिनीवर बसले. प्रशिक्षणात शिकवलं होतं की सरळ विचारावं, विचारल्यानं डोक्यात नसलेलं डोक्यात येत नाही. मी विचारलं, “तुझ्या मनात जीव द्यायचं येतं का गं?”

ती भिंतीचा पोपडा नखानं उकरत राहिली.

“मी तुझ्याशी खोटं बोलले,” मी म्हणाले. “माझा भाऊ गेलाय. तुझ्या अक्कासारखाच गेलाय.”

ती वळली. मग मी सांगितलं. लातूरची नोकरी, रेघा मारलेलं पत्र, आखाडा, चुलता, काठ्या घेऊन गेलेली माणसं, दारातलं जनावर. पोरगी उठून बसली.

“कसला साप व्हता?” तिनं विचारलं.

“धामण.”

तिनं भुवया आवळल्या. “धामनीला ईख नसतंय बाई.”

“न्हाई नसत.”

“मग गावाला ठावं व्हतं की.”

खरंच सांगते, इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कुणी ओळखू नये एवढंच मी बघत राहिले. ज्यांनी ती मारून आणली त्या आठदहा जणांना डोळे आहेत हे मी कधी धरलंच नाही. मी लपत होते, आणि ज्यांच्यापासून लपत होते ते माझ्यावर पांघरूण घालून कधीच घरी गेले होते.

“तुमचा भाऊ आदी तुम्हाला काही बोलला व्हता का?” तिनं विचारलं.

तेवढं मी गाळलं होतं. घराची लाज सांगून झाली होती, माझी अजून पोटात होती. उठून पाणी प्यावं असं वाटलं, पण त्या घरात पाणी मागायचीही लाज वाटली. मग शेंगा सांगितल्या, झोप सांगितली, बायको आणू म्हणाले ते सांगितलं. हसले ते सांगितलं.

बाहेर घागरींचा खडखडाट चालू होता. ती पायाचं नख बघत बसली.

“मी बी हसले व्हते, बाई,” ती म्हणाली. आणि मग माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. “येतंय मनात. रोज येतंय.”

त्या दिवशी तिला आम्ही एकटं सोडलं नाही. आईला सगळं सांगितलं, आशाताई मुक्कामाला राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही तिघी तिला घेऊन नांदेडला मोठ्या दवाखान्यात गेलो. पुढं कितीतरी फेऱ्या झाल्या. औषधं चालली, बारावी एक वर्ष मागं पडली, मग झाली. मी तिला वाचवलं असं कुणी म्हणालं की मी विषय बदलते. आधी मी तिला नाही म्हणाले होते, हे त्यांना माहीत नसतं.

निवृत्त झाल्यावर मी गावी गेले. धाकटीनंच भरीला घातलं होतं, एकदा विचारून तर बघा. शेजारचे काका आता ओट्यावरच असतात, ऐकू कमी येतं. मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, “काका, ती धामण व्हती ना?”

त्यांनी मला निरखून पाहिलं. किती वर्षांनी विचारतेस, असं काही म्हणाले नाहीत. “हाव,” म्हणाले. “दुसरं काही घावलंच न्हाई. दीसभर हिंडलो. रिकाम्या हातानं तुझ्या बापाम्होरं कसं यावं?”

मी बस स्टँडवरून धाकटीला फोन लावला आणि काकांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ती हसली. तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकत होते, चांगलं खळखळून. आणि मध्येच चटकन थांबली. का थांबली ते मला विचारावं लागलं नाही.