सोळाच्या जागी एकसष्ट

१९९४ साल. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा. कोठी भागातल्या एका कॉलेजची स्टाफरूम. सगळे बसलेले, मी उभा. सरांनी माझ्या हातातलं प्रूफ ओढून घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घ्या! तिसरी नापास माणूस आता संशोधन तपासणार. तू खिळे जुळव रे. डोकं आम्ही चालवतो."

चहा पिता पिता लोक हसले.

गौलीगुड्यात माझा छोटा छापखाना होता. कॉलेजच्या पोरापोरींच्या संशोधनाचा वार्षिक अंक मीच छापायचो. रसायन, इतिहास, वाणिज्य, सगळ्या विषयांची पोरं त्यात लिहायची. संपादक सर. इंग्रजी मला समजत नाही. अक्षरं ओळखतो, शिशाचा एकेक खिळा उचलून जुळवतो.

त्या वर्षी सरांच्या भाच्याचा लेख आला. विहिरींच्या पाण्यावर. तक्ता जुळवायला घेतला आणि बोटं थांबली. हा तक्ता याच बोटांनी आधी जुळवला होता. तीन वर्षांपूर्वी, एका दूधवाल्याच्या पोरीचा. ती दारोदार फिरून विहिरींचं पाणी बाटल्यांत भरायची, तपासायची. तेव्हा माझ्या हातून सोळाच्या जागी एकसष्ट पडलं. छापून झाल्यावर तिला दिसलं.

"मामा, माझी गोड विहीर खारट केलीत की हो!"

मग माझ्याच बाकावर बसून तिनं एकेक प्रत पेनानं दुरुस्त केली. सरांची प्रत तेवढी आधीच गेली होती.

भाच्याच्या कागदावर एकसष्ट होतं. लेकाच्यानं माझी चूकसुद्धा चोरली.

हेच सांगायला मी स्टाफरूममध्ये गेलो होतो. जुना अंक पुढे ठेवला. सरांनी उघडलासुद्धा नाही.

"परवापर्यंत छापून दे. नाहीतर आबिद रोडला कॉम्प्युटरवाले बसलेत. तुझं शिसं जाईल भंगारात."

खरं होतं. कॉलेजचं काम गेलं की छापखाना बुडाला. आयुष्यभर असल्या बोलण्यापुढं मान खाली घातली. त्या दिवशी नाही गेली खाली.

"नक्को सर. हे माझ्या हातून छापणार नाही."

"चल, निकल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी छापखाना उघडला. भाच्याचं एक प्रूफ काढून ठेवलं. मग त्याची चारी पानं सोडली, एकेक खिळा आपापल्या खणात परत टाकला. त्याच खिळ्यांनी पोरीचा तक्ता पुन्हा जुळवला. वर तिचं नाव. सोळाच्या जागी सोळा. खाली मराठीत दोन ओळी: एकसष्ट ही माझी चूक होती. ती ह्याच्या कागदावर कशी आली, विचारा.

दोन्ही कागद खळ लावून कॉलेजच्या फाटकावर चिकटवले. आणि सर येईपर्यंत तिथंच उभा राहिलो.