गणपतीनंतर भिजवलेली फळं

आमच्याकडे ख्रिसमसच्या केकची सुरुवात गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी व्हायची. बेदाणे, मनुका, जर्दाळू, खजूर, संत्र्याची साल, सगळं बारीक चिरून बायको काचेच्या बरणीत रममध्ये भिजवायची. बाप्पा घरात असताना रमची बाटली उघडायची नाही, एवढा एक नियम ती पाळायची. पुण्याहून तिच्या आईनं व्हिडिओ कॉलवर विचारलंच, तर बरणीत संत्र्याचा रस आहे असं बिनदिक्कत सांगायची. मग दर रविवारी बरणी उलटीसुलटी करायची आणि डिसेंबरात केक भाजायचा. इथे अमेरिकेत, कॅरी गावातल्या आमच्या ओळखीच्या निम्म्या मराठी घरांत त्याचे तुकडे जायचे.

गेल्या वर्षीही तिनं फळं भिजवली. तीन आठवड्यांनी तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. चार दिवस ती हॉस्पिटलात होती आणि पाचव्या दिवशी गेली.

त्यानंतर मला काही वाटेनासंच झालं. लोकांना वाटलं मी खंबीर आहे. घरी भेटायला आलेल्या एका काकूंनी तर माझ्यासमोरच माझ्या मुलीला सांगितलं, "बाबांकडून शीक बाळा, किती धीरानं घेतलंय त्यांनी." धीर कसला डोंबलाचा! दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, आपलाच पण आपला नसलेला, तसा मी सगळाच झालो होतो. ऑफिसला जात होतो, कपडे धूत होतो, वरणभाताचा कुकर लावत होतो. मुलगी तेरा वर्षांची आहे. शाळेतून आली की ती खोलीचं दार लावून घ्यायची. आत रडत असेल, असं मी धरून चाललो होतो आणि दार वाजवत नव्हतो.

डिसेंबरच्या मध्याला बर्फाचा इशारा आला. नॉर्थ कॅरोलायनात बर्फ पडतो तो बोटभर, पण इशारा आला की दुकानांतलं दूध आणि ब्रेड आधी गायब होतो आणि शाळा बंद होतात. पाइप गोठू नयेत म्हणून मी नळ थेंबथेंब चालू ठेवले होते. बाहेर झाडांच्या फांद्यांवर काचेसारखा थर चढला होता. मुलगी ब्लँकेट गुंडाळून स्वयंपाकघरात आली.

"बाबा, आई या वीकमध्ये केक करायची ना?"

"हो."

"सो, आर वी डूइंग इट?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. पोरीला केक हवाय, एवढं मला कळलं. मला हवा होता की नव्हता, ते मी स्वतःला विचारलंच नाही. "करू या की," म्हटलं.

बरणीचं झाकण घट्ट बसलं होतं. ऑक्टोबरपासून ती कुणी हलवली नव्हती. आत बायकोनं चिरलेली फळं होती, जर्दाळूचे चौकोनी तुकडे, खजुराचे जरा मोठे, कारण खजूर चिरताना ती नेहमी कंटाळायची. तिच्या हातचं म्हणावं असं घरात एवढंच शिल्लक होतं. फ्रीजमधल्या चटण्या केव्हाच संपल्या होत्या. बरणी एकच होती आणि ती बिघडवली तर पुन्हा चिरून द्यायला ती नव्हती. म्हणून मी ठरवलं की स्वतःची अक्कल अजिबात चालवायची नाही, वहीत लिहिलंय तस्संच करायचं.

वही तिची लग्नाआधीची होती. पुण्यात सुट्टीतल्या बेकिंग क्लासला लिहून घेतलेली. "लोणी फेटणे, हात दुखेपर्यंत." फेटलं. "साखर करपवणे, काळी नव्हे, तांबूस." पहिल्यांदा काळी झाली, दुसऱ्यांदा जमली. दालचिनी, लवंग, सुंठ, जायफळ खलबत्त्यात कुटलं. मुलगी दारात येऊन म्हणाली, "स्मेल्स गुड." मीही "हो ना," म्हटलं. मग फळं घातली, बरणीच्या तळाचं चमच्यानं खरवडून घेतलं. शेवटची ओळ होती: "ओव्हन १८०. एक तास. विणायची सुई घालून बघणे." ओव्हन एकशेऐंशीवर लावला आणि केक आत ठेवला.

तासाभरानं विणायची सुई पूर्ण ओली बाहेर आली. घरात सुई सापडली याचंच मला कौतुक वाटत होतं, म्हणून फारसं काही मनावर घेतलं नाही. अर्धा तास आणखी ठेवला. मग आणखी अर्धा. पीठ नुसतं चकचकत पडून होतं. मी ओव्हनसमोर फरशीवर बसलो आणि काचेतून बघत राहिलो. बेकिंग पावडर जुनी असेल, थंडीमुळे असेल, असं काहीबाही मनात येत होतं. उठून काही करावं असं मात्र वाटत नव्हतं. दोन तास झाल्यावर मुलगी पाणी प्यायला आली आणि आकड्याकडे बघून थांबली.

"बाबा, वन-एटी का लावलंय?"

"वहीत लिहिलंय."

"ते सेल्सिअस आहे, बाबा. दिस इज अमेरिका."

मी या देशात सतरा वर्षं आहे. औषध कंपनीत चाचण्यांचे आकडे तपासणं हे माझं काम. आकड्यापुढे एकक लिहिलेलं नसेल तर मी अहवाल परत पाठवतो, नव्या पोरांना त्यावरून बोलतो. आणि फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये मी एकशेऐंशीवर केक ठेवला होता, म्हणजे तो दोन तास नुसता कोमट करत बसलो होतो. बायको दर वर्षी वहीत एकशेऐंशी वाचायची आणि ओव्हनवर साडेतीनशे लावायची. मला हे कधी दिसलं नाही, कारण मी स्वयंपाकघरात यायचो तो केक खायला. तिनं ते वहीत कधी दुरुस्त केलं नाही. ही वही दुसऱ्या कुणाला उघडावी लागेल, असं तिला वाटलंच नसणार. त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली. लाज तरी वाटली म्हणायची.

साडेतीनशेवर तासभर भाजून केक बाहेर काढला. बुटका, विटेसारखा जड, मधोमध खचलेला. गार झाल्यावर मी दोन तुकडे कापले आणि आम्ही टेबलाशी बसलो. तिनं एक घास खाल्ला.

"नाइस," ती म्हणाली.

"बरा झालाय की," मी म्हणालो.

आणखी एक घास खाऊन तिनं फोर्क खाली ठेवला.

"बाबा, आय हॅव टू टेल यू समथिंग. रागावू नको."

"बोल."

"मला टेस्टच येत नाहीये. केकची असं नाही, कशाचीच. आई गेल्यापासून." ती ताटलीकडे बघत बोलत होती. "मला वाटलं तुला केक हवाय. म्हणून विचारलं मी."

"आणि मला वाटलं तुला हवाय."

"तुला येते टेस्ट?"

मी अजून एक तुकडा तोंडात टाकला, नीट चावला. रम, लवंग, जायफळ, एवढं सगळं घातलं होतं. "नाही," म्हटलं. "मलाही ऑक्टोबरपासून काही लागत नाही."

"मी रूममध्ये रडत नाही, बाबा. आय जस्ट सिट देअर. त्या काकू म्हणाल्या ना, तू किती धीरानं घेतलंस. मला वाटलं तू सॅड आहेस पण स्ट्राँग आहेस, आणि मी सॅडच नाहीये. आय थॉट देअर वॉज समथिंग राँग विथ मी."

"माझंही तेच झालंय," मी म्हणालो. "अगदी तेच." आणि मला भीती वाटली. अडीच महिने ही माझ्या शेजारच्या खोलीत एकटी हे घेऊन बसली होती, आणि मी तिला त्रास नको म्हणून दार वाजवत नव्हतो.

ती ताटलीतल्या तुकड्यातून जर्दाळू वेगळे काढायला लागली. "मग आईची फ्रूट्स वेस्ट झाली?"

मी माझीही ताटली बाजूला सारली. मग तिनंच विचारलं, "हा केक फ्रीजरमध्ये राहतो ना?"

"राहतो. खूप दिवस राहतो."

"मग आत्ता नको खाऊ या. टेस्ट आली की खाऊ."

आम्ही उरलेला केक फॉइलमध्ये गुंडाळला, ताटल्यांतले तुकडेसुद्धा.

आता मार्च लागलाय. मधूनमधून जेवताना ती विचारते, "बाबा, आज?" मी वरणभाताचा घास तोंडात घोळवून बघतो, खरंच नीट बघतो, आणि सांगतो, "अजून नाही. तुला?"

"नॉट येट," ती म्हणते, आणि आम्ही जेवत राहतो.